माशाला वाट कशी सापडते?



या स्मरणिकेसाठी विज्ञानाचा एखादा पाठ लिहून द्यावा असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा विषय शोधण्याची मला गरज पडली नाही. एका प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे अनेक वर्षे थकलेले आहे. तो प्रश्न आपल्याच वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने विचारला होता आणि मी त्याला चुकीचे उत्तर दिले होते. ते देणे फेडण्यासाठी हा पाठ लिहीत आहे.

वसतिगृहामागच्या विहिरीवर तेव्हा रहाट होता आणि मुले पहाटे पाळीपाळीने पाणी काढीत. डासांच्या अळ्या खाऊन टाकाव्यात म्हणून विहिरीत मासे सोडलेले होते. त्यांत वीतभर लांबीचा एक मासा असा होता की त्याचे दोन्ही डोळे दुधासारखे पांढरे झालेले होते. सातवीतील एका मुलाने त्याच्यावर बरेच दिवस लक्ष ठेवले. एके दिवशी वर्गात उभा राहून तो म्हणाला, "गुरुजी, तो मासा आंधळा आहे. पण भिंतीच्या अगदी कडेने फिरतो आणि एकदाही आपटत नाही. त्याला भिंत कशी कळते?"

मी म्हणालो, "त्याला विहीर पाठ झाली आहे."

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "भिंत पाठ होईल, गुरुजी. पण बादली रोज वेगळ्या जागी पडते. ती पडली की बाकीच्या माशांबरोबर तोही बाजूला होतो."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. "ठाऊक नाही, शोधून सांगतो" एवढे म्हणण्याचे धैर्यही नव्हते. उलट प्रश्न करू नकोस, असे दरडावून मी त्याला खाली बसविले. त्याच आठवड्यात सायंकाळच्या वंदनेनंतर भन्तेजींनी कालामांना तथागतांनी केलेल्या उपदेशाचे विवेचन केले. एखादी गोष्ट परंपरेने आली म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा आपला गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नये. ती स्वतः पारखून घ्यावी, हे त्या उपदेशाचे सार. मुलांच्या रांगेत तो मुलगा बसला होता आणि शिक्षकांच्या रांगेत मी. त्या सायंकाळी माझी मान वर झाली नाही.

पाण्यात डोळ्याची मर्यादा

माशांना डोळे असतात आणि पुष्कळ माशांचे डोळे उत्तम असतात. परंतु पाणी हे प्रकाशाला फार सलगी करू देत नाही. स्वच्छ समुद्राच्या पाण्यातही तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. २०० मीटर खोलीच्या खाली वनस्पतींना अन्न तयार करण्यापुरताही प्रकाश उरत नाही आणि १,००० मीटरच्या खाली सूर्यप्रकाश मुळीच पोहोचत नाही. पावसाळ्यात आपल्या नद्या गढूळ होतात, तेव्हा हातभर अंतरावरचेही दिसत नाही. अशा पाण्यातही मासा अन्न शोधतो, शत्रूला चुकवतो आणि प्रवाहात स्वतःला सावरून धरतो. याचा अर्थ, डोळ्यांखेरीज त्याच्यापाशी आणखी काही साधन असले पाहिजे.

ते साधन कोठे लपलेले नाही. बाजारात रोहू किंवा कटला दिसला तर त्याचे अंग एका कुशीवरून नीट पाहा. कल्ल्याच्या मागून निघून शेपटीपर्यंत गेलेली एक बारीक रेष दिसेल. ती रंगाची रेष नव्हे. त्या ओळीतील प्रत्येक खवल्याला एक सूक्ष्म छिद्र असते. रोहूच्या अंगावर असे चाळीसच्या आसपास खवले ओळीने मांडलेले असतात. या रेषेला पार्श्वरेषा म्हणतात. डोक्यावर आणि जबड्यावर तिच्याच शाखा पसरलेल्या असतात. आपल्यातील कित्येकांनी ही रेष शेकडो वेळा पाहिली असेल. मीही पाहिली होती. पण ती कशासाठी आहे, हे विचारण्याचे माझ्या मनात कधी आले नव्हते.

पार्श्वरेषेची रचना

छिद्रांच्या आत, त्वचेखाली, द्रवाने भरलेली एक नळी असते. या नळीत ठरावीक अंतरावर संवेदनेची लहान लहान केंद्रे बसविलेली असतात. त्यांना न्यूरोमास्ट म्हणतात. अशीच काही केंद्रे नळीबाहेर, थेट त्वचेवरही असतात. प्रत्येक केंद्रात अनेक रोमपेशी असतात. रोमपेशी म्हणजे जिच्या माथ्यावर अतिसूक्ष्म केसांचा झुबका आहे अशी पेशी. या साऱ्या झुबक्यांवर जेलीसारख्या मऊ पदार्थाची एक टोपी असते आणि पाणी हलले की ती टोपी कलते.

टोपी कलली की केस वाकतात. ते एका दिशेला वाकले तर पेशी उत्तेजित होते आणि मज्जातंतूतून मेंदूकडे जाणारे संकेत वाढतात. उलट दिशेला वाकले तर संकेत मंदावतात. एकाच केंद्रात काही पेशी एका दिशेला व काही नेमक्या विरुद्ध दिशेला तोंड करून बसविलेल्या असतात. त्यामुळे पाणी हलले एवढेच नव्हे, तर ते कोणीकडून कोणीकडे गेले हेही माशाला कळते. त्वचेवरची केंद्रे प्रवाहाचा वेग सांगतात. नळीतील केंद्रे पाण्याच्या वेगात अचानक होणारे बदल आणि अंगावरच्या दोन जागांमधील दाबाचा फरक सांगतात. प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहण्याची माशाची जी सवय आपण ओढ्यात पाहतो, तिच्यामागे त्वचेवरच्या केंद्रांचा मोठा वाटा आहे, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविण्यात आले.

आता बादलीचे कोडे सुटते. बादली पाण्यात पडली की तिच्या भोवतीचे पाणी ढकलले जाते. तो धक्का माशाच्या अंगावरून जाताना पुढच्या केंद्राला आधी व मागच्या केंद्राला नंतर लागतो, जवळच्या बाजूला जोराचा व दूरच्या बाजूला हलका लागतो. या फरकांवरून बादली कोठे पडली हे माशाला तत्काळ उमगते.

पण भिंतीचे काय? ती तर हलत नाही, मग तिचा धक्का कोठून येणार? याचे उत्तर असे, की हालचाल भिंतीची नसली तरी माशाची असते. पोहणारा मासा आपल्यापुढचे पाणी सारीत जातो आणि त्याच्या अंगाभोवती पाण्याची एक विशिष्ट घडी तयार होते. भिंत जवळ आली की त्या पाण्याला सरकायला जागा उरत नाही. ते भिंत आणि मासा यांच्यामध्ये दाबले जाते आणि डोक्यावरचा दाब बदलतो. मासा भिंतीला शिवत नाही. स्वतःच्याच चालीने हललेले पाणी भिंतीपाशी कसे बदलले, ते तो अंगावर वाचतो. मात्र या ज्ञानाचा पल्ला लहान असतो. हलणारी वस्तू साधारणपणे माशाच्या एक-दोन अंगलांबीपर्यंत कळते. स्थिर भिंत त्याहून पुष्कळ जवळ आल्यावर.

दोन शतकांचा गैरसमज

हे सारे ज्ञात व्हायला फार काळ लागला, आणि तो इतिहास विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. माशांच्या अंगावरची ही छिद्रे सतराव्या शतकातील शरीरशास्त्रज्ञांना दिसली होती. माशाचे अंग बुळबुळीत असते आणि छिद्रांतून द्रव निघतो. तेव्हा हा चिकट द्राव तयार करण्यासाठीच ती छिद्रे आहेत, असे त्यांनी ठरविले. जवळजवळ दोन शतके तेच शिकविले गेले. १८५० साली फ्रान्झ लायडिख या जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली या नळीत मज्जातंतूंशी जोडलेली केंद्रे पाहिली आणि हे ज्ञानेंद्रिय आहे असे सांगितले.

ते कशाचे ज्ञान देते, हा प्रश्न तरीही उरला. १९०८ साली ब्रूनो होफर यांनी पाइक माशांवर केलेल्या प्रयोगांतून दाखविले, की या रेषेमुळे माशाला पाण्याचा क्षीण प्रवाह कळतो. त्यानंतर १९३० च्या दशकात स्वेन डाइकग्राफ या डच शास्त्रज्ञाने या संवेदनेचे स्वरूप अधिक नेमकेपणाने मांडले. तिला त्यांनी दिलेल्या जर्मन नावाचा अर्थ 'दूरस्पर्श' असा होतो. वस्तूला न शिवता, मधल्या पाण्याच्या द्वारे झालेला स्पर्श तो दूरस्पर्श.

माणसाला ही रेष दिसत असूनही तिचे कार्य इतकी वर्षे का उमगले नाही? कारण असे इंद्रिय माणसाला नाही. जे आपल्याजवळ नाही ते दुसऱ्याजवळ असू शकेल, ही कल्पनाच आपल्याला अवघड जाते. विहिरीवरच्या माझ्या उत्तराचे मूळही तेथेच होते. दिसत नाही म्हणजे पाठच असले पाहिजे. तिसरी शक्यता माझ्या मनाला शिवलीच नाही.

मेक्सिकोच्या गुहेतील मासा

डोळ्यांवाचून मासा किती दूरवर मजल मारू शकतो, याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण मेक्सिकोत आहे. तेथील चुनखडीच्या डोंगरांत, सान लुईस पोटोसी राज्यातील ला क्वेवा चिका नावाच्या गुहेत मिळालेल्या आंधळ्या माशाचे शास्त्रीय वर्णन १९३६ साली प्रसिद्ध झाले. बोटभर लांबीचा, फिकट गुलाबी रंगाचा हा मासा डोळसही नाही आणि त्याच्या अंगावर रंगद्रव्यही नाही. पुढे असेच मासे त्या भागातील सुमारे तीस गुहांत सापडले. विशेष म्हणजे बाहेरच्या नद्यांत राहणारे, चांगले डोळे असलेले चंदेरी मासे आणि हे गुहेतील मासे एकाच जातीचे आहेत. अस्टायनॅक्स मेक्सिकॅनस हे त्या जातीचे नाव. दोघांचा संकर होतो आणि त्यांना पिले होतात.

गुहेतील माशाच्या अंड्यात डोळ्यांची वाढ सुरू होते. पण एक-दोन दिवसांतच ती खुंटते आणि डोळा हळूहळू त्वचेखाली विरून जातो. निसर्गाने डोळा का सोडून दिला असावा? एक कारण खर्चाचे आहे. एक ग्रॅम वजनाच्या लहान माशात डोळे आणि दृष्टीशी संबंधित मेंदूचा भाग विश्रांतीच्या वेळच्या ऊर्जेपैकी सुमारे १५ टक्के ऊर्जा खातो, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापातून दिसून आले. जेथे अन्न दुर्मीळ आणि प्रकाश शून्य, तेथे हा भार परवडणारा नाही.

डोळा गेला, पण पार्श्वरेषा वाढली. गुहेतील माशाच्या त्वचेवरची केंद्रे नदीतील भाऊबंदांपेक्षा संख्येने अधिक आणि आकाराने मोठी असतात. ज्या जागी डोळा असायचा त्या खोबणीवरही ती दाटलेली असतात. पाण्यात बारीक कंप झाला की हा मासा त्या दिशेने जातो, कारण अंधारात कंप म्हणजे बहुधा अन्न. नव्या भांड्यात सोडला तर तो प्रथम भिंतीच्या कडेने वेगाने फिरतो. वेग अधिक असला की अंगाभोवतीचे पाणी अधिक ढवळते आणि अडथळे स्पष्ट कळतात. भांड्याची ओळख पटली की वेग कमी होतो. वाटेतील खुणांचा क्रमही तो लक्षात ठेवतो. म्हणजे विहीर 'पाठ' होते हे माझे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. पण पाठ करण्यासाठी आधी वाचावे लागते, आणि मासा ती कशाने वाचतो हे मी सांगितलेच नव्हते.

त्याच्या पोहण्याची आणखी एक रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. तो शेपटीचा एक झटका देतो आणि मग अंग ताठ ठेवून काही अंतर नुसता सरकत जातो. शेपटी हलत असताना स्वतःच्या हालचालीचा गलबला फार होतो. सरकताना तो थांबतो आणि भोवतालचे पाणी नीट कळते. आपल्या सकाळच्या ध्यानवर्गात जे सांगितले जाते, तेच हा मासा आपल्या परीने करतो असे म्हणावयास हरकत नाही.

या माशाविषयी एक गोष्ट मला विशेष हृद्य वाटते. वेगवेगळ्या गुहांतील मासे स्वतंत्रपणे आंधळे झाले आणि प्रत्येक ठिकाणी बिघडलेली जनुके काही अंशी वेगळी आहेत. २००८ साली रिचर्ड बोरोव्हस्की यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन निरनिराळ्या गुहांतील आंधळ्या माशांचा संकर केला, तेव्हा त्यांच्या पिलांपैकी काहींना दिसू लागले. एका गुहेत जे हरवले होते ते दुसऱ्या गुहेत शिल्लक होते. आपापल्या अंधारात कोंडलेल्या दोन वंशांची भेट झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या नसलेली दृष्टी त्यांच्या संततीत परत आली. याचा सामाजिक अर्थ मी सांगत बसत नाही. आपल्या वसतिगृहात निरनिराळ्या वस्त्यांतून आलेली मुले एका पंगतीला बसतात. त्यांना तो सांगावा लागणार नाही.

असा मासा पाहण्यासाठी मेक्सिकोलाच जायला हवे असे नाही. केरळमध्ये कोट्टायमच्या परिसरात जांभ्या दगडात खोदलेल्या विहिरींतून होराग्लॅनिस कृष्णाई हा डोळे नसलेला इवलासा मासा मिळतो. ए. जी. के. मेनन यांनी १९५० साली त्याचे वर्णन केले. भूगर्भातील पाण्यात तो राहतो आणि कधी तरी विहिरीच्या पाण्याबरोबर बादलीत येतो. त्याच्या तोंडाभोवती लांब मिशा असतात.

थव्याची शिस्त

पार्श्वरेषेचा उपयोग अंधारापुरताच आहे असे समजू नये. शेकडो मासे एकाच वेळी वळतात आणि एकमेकांवर आदळत नाहीत, हे दृश्य तुम्ही पाहिले असेल. पिचर, पार्ट्रिज आणि वॉर्डल या शास्त्रज्ञांनी सेथ नावाच्या समुद्री माशाच्या डोळ्यांवर अपारदर्शक झाकणे बसवून त्यांना डोळस माशांच्या थव्यात सोडले. त्यांचा हा प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. झाकणे लावलेले मासे थव्याबरोबर पोहत राहिले आणि थवा वळला की तेही वळले. मात्र ज्यांची पार्श्वरेषेची मज्जाही तोडली होती ते थव्यात टिकू शकले नाहीत. पुढील अभ्यासावरून असे दिसले, की शेजाऱ्यापासूनचे अंतर आणि कोन राखण्याच्या कामी डोळा मुख्य असतो, तर त्याचा वेग आणि दिशा जाणण्याच्या कामी पार्श्वरेषा.

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. आपण रोज पंचशील ग्रहण करतो आणि प्राणिहिंसेपासून दूर राहणे हे त्यातील पहिले शील आहे. या ज्ञानासाठी काही प्रयोगांत माशांना इजा झाली, हे मी लपवू इच्छित नाही. झाकणे काढता येतात, तोडलेली मज्जा सहज जोडता येत नाही. पुढे काही औषधांनी रोमपेशी तात्पुरत्या निकामी करता येऊ लागल्या, कारण माशांच्या रोमपेशी पुन्हा उगवतात. ज्ञान मिळविताना होणारी पीडा कमीत कमी कशी करता येईल, हा प्रश्न विज्ञानाबाहेरचा नाही. आणि तुमच्यासाठी निरीक्षण पुरेसे आहे. त्या मुलाने माशाला हातही न लावता, पहाटेच्या उजेडात विहिरीत डोकावून, अचूक निष्कर्षाच्या उंबरठ्यापर्यंत मजल मारली होती.

आणखी काही दारे

पार्श्वरेषा जवळचे सांगते. दूरचे कळण्यासाठी माशाजवळ इतर साधने आहेत.

माशाला बाहेरून कान दिसत नसले तरी आत कान असतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो. हवेत हाच वेग ३४० मीटरच्या आसपास असतो. रोहू, कटला, मृगळ, मागूर यांसारख्या माशांत पोहण्याची हवेची पिशवी आणि अंतर्कर्ण यांना जोडणारी लहान हाडांची साखळी असते. पिशवी ध्वनीने थरथरते आणि ती थरथर कानापर्यंत पोहोचते. १९२३ साली कार्ल फॉन फ्रिश यांनी एका माशाला शिटी वाजवून खाणे घेण्यासाठी बोलावण्याची सवय लावली आणि मासे बहिरे असतात हा समज मोडून काढला.

गंधाचे दार तर फार लांबचा पल्ला गाठते. सॅमन मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी जन्माच्याच ओढ्यात परततो. अमेरिकेतील आर्थर हॅसलर यांनी असे मांडले, की प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला तेथील माती व वनस्पतींमुळे स्वतःचा गंध असतो आणि पिलू तो जन्मभर लक्षात ठेवते. ज्या सॅमनांच्या नाकपुड्या बंद केल्या होत्या त्यांना नदीच्या फाट्यावर योग्य ओढा निवडता आला नाही. पुढे पिलांना मॉर्फोलिन नावाच्या रसायनाच्या वासाची ओळख करून देऊन सोडण्यात आले. मोठी झाल्यावर ती मॉर्फोलिन सोडलेल्या ओढ्याकडे आली. समुद्रातील दूरच्या प्रवासात पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचीही सॅमनला मदत होते.

आणि विजेचे दार! आफ्रिकेच्या नद्यांत जिम्नार्कस नावाचा मासा आहे. तो मागच्या मागे पोहतानाही अडथळे चुकवतो. हान्स लिसमन यांनी १९५१ साली दाखविले, की हा मासा आपल्या शेपटीतून सतत क्षीण विद्युत्‌स्पंद सोडतो. पुढे केन मशिन यांच्यासह केलेल्या प्रयोगांत त्यांनी सारख्याच दिसणाऱ्या सच्छिद्र मातीच्या भांड्यांत वेगवेगळे पदार्थ ठेवले. भांड्यात वीज वाहून नेणारे पाणी आहे की वीज अडविणारी वस्तू, हे मासा बाहेरूनच ओळखू लागला. आपण डोळे फाडून पाहिले तरी दोन भांड्यांत फरक दिसला नसता.

करून पाहा

दूरस्पर्शाची थोडीशी कल्पना तुम्हालाही घेता येईल. हौदातील पाणी स्थिर होऊ द्या. एक हात कोपरापर्यंत पाण्यात सैल सोडा आणि डोळे मिटा. मित्राला सांगा, की तुझ्या मनाला येईल तेव्हा आणि येईल त्या बाजूने एक लहान फळी माझ्या हाताजवळून ने, पण हाताला लावू नकोस. फळी कोणत्या बाजूने गेली ते सांगण्याचा प्रयत्न करा. दहा वेळा करा आणि किती वेळा बरोबर आले ते वहीत लिहून ठेवा. अंदाज आणि ज्ञान यांतला फरक अशा नोंदीतूनच कळतो.

आपला आणि माशाचा संबंध

बौद्ध विचारात जगाचे ज्ञान होण्याची सहा आयतने सांगितली आहेत: चक्षू, श्रोत्र, घ्राण, जिव्हा, काय आणि मन. पार्श्वरेषेला यांपैकी कोठे बसवावे? पाण्याचा दाब अंगाला कळतो, म्हणून ती 'काय' म्हणता येईल. पण तिच्यातील रोमपेशी आणि आपल्या अंतर्कर्णातील रोमपेशी यांची घडण मुळात एकच आहे. तुम्ही वंदनेचा स्वर ऐकता तेव्हा तुमच्या कानातही असाच केसांचा झुबका वाकतो. एवढाच भेद, की माशाचे हे झुबके अंगभर पसरलेले आहेत आणि आपले कानाच्या आत, द्रवात सुरक्षित ठेवलेले आहेत.

आणखी एक भेद आहे, तो आपल्या दृष्टीने दुःखाचा. मोठ्या आवाजाने, वार्धक्याने किंवा स्ट्रेप्टोमायसीनसारख्या काही औषधांच्या दुष्परिणामाने आपल्या कानातील रोमपेशी मेल्या तर त्या पुन्हा येत नाहीत आणि बहिरेपण कायमचे राहते. आपल्या देशातील नद्या-नाल्यांत आढळणाऱ्या झेब्राफिश या इवल्या माशात मात्र नष्ट झालेल्या रोमपेशी दोन-तीन दिवसांत पुन्हा तयार होऊ लागतात. ते कसे घडते, याचा शोध जगभरच्या प्रयोगशाळांत चालू आहे. ज्या रेषेला बुळबुळीत द्रावाचे छिद्र म्हणून दोन शतके बाजूला सारले, तिच्याकडे आज माणूस आपल्या बहिरेपणावरचा उपाय विचारत आहे.

मित्रहो, प्रत्येक जीवाचे जग त्याच्या आयतनांएवढे असते. आपल्या आयतनांना जे कळत नाही ते नाहीच, असे म्हणणे हा अहंकार आहे. आणि जे कळत नाही ते चमत्कार आहे म्हणून हात जोडणे हा आळस आहे. आंधळा मासा भिंत चुकवतो याला कोणी दैवी शक्ती म्हणाले नाही आणि कोणी अशक्यही म्हणाले नाही, तेव्हाच त्याचे कारण हाती आले. मधली वाट तपासण्याची आहे. स्वतःच स्वतःचा दीप व्हावे, हा आपल्या शास्त्याचा उपदेश दिव्याविषयी नसून याच वाटेविषयी आहे, असे मला वाटते.

तो मुलगा आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. तो आता मोठा झाला असेल आणि त्याला 'तू' म्हणण्याचा माझा अधिकारही उरला नसेल. ही स्मरणिका माजी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणार आहे, म्हणून येथे लिहून ठेवतो: तुमचा प्रश्न योग्य होता. बादलीचा तुमचा मुद्दा बिनतोड होता. त्या माशाला विहीर पाठ झालेली नव्हती. तो ती रोज, प्रत्येक क्षणी, अंगावरच्या रेषेने नव्याने वाचत होता. हे उत्तर त्या दिवशी मला ठाऊक नव्हते, आणि तेवढेच तुम्हाला सांगायला हवे होते.